क्लॅरन्स डॅरो : माकडाच्या खटल्यापलीकडचा वकील

धागालेखक

क्लॅरन्स डॅरो हे नाव मराठी वाचकाला भेटते ते बहुधा १९२५ सालच्या टेनेसीतील उत्क्रांतिवादाच्या खटल्यामुळे, ज्याला अमेरिकेत तेव्हापासूनच ‘माकडाचा खटला’ म्हणतात. शाळेत उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या तरुण शिक्षकावर खटला भरला गेला आणि डेटन गावातील उकाड्यात डॅरो यांनी फिर्यादी पक्षाच्या विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनाच साक्षीला बोलावून बायबलवर त्यांची तपासणी केली. प्रसंग नाट्यपूर्ण आहे यात शंका नाही. परंतु फौजदारी वकील म्हणून डॅरो यांचे मोजमाप करायला तो फारसा उपयोगाचा नाही, असे माझे मत आहे. तो खटला ते हरले. स्कोप्स यांना १०० डॉलर दंड झाला, आणि १९२७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला तोही तत्त्वाच्या मुद्द्यावर नाही. ५० डॉलरपेक्षा जास्त दंड ज्यूरीने ठरवायचा असतो आणि येथे तो न्यायाधीशाने ठरवला, एवढ्या तांत्रिक कारणावरून. त्यामुळे या धाग्यात त्यांच्या इतर वकीलपत्रांविषयी लिहावे असे वाटले.

डॅरो यांचा जन्म १८५७ साली ओहायो राज्यातील किन्समन या खेड्यात झाला. वडील लाकडी सामान बनवत, गावासाठी शवपेट्याही तेच करत, आणि गावातल्या कोणत्याही धर्ममतापुढे मान तुकवत नसत. मिशिगनच्या विधी महाविद्यालयात जेमतेम एक वर्ष काढून, पुढे एका वकिलाच्या हाताखाली शिकून डॅरो यांनी १८७८ साली सनद मिळवली. जवळपास दहा वर्षे ते लहान गावांतच वकिली करत होते. १८८७ साली ते शिकागोला आले. तत्पूर्वी जॉन पीटर ऑल्टगेल्ड या वकिलाचे तुरुंगव्यवस्थेवरचे छोटे पुस्तक त्यांच्या वाचनात आले होते. गुन्हेगार हा बहुतेक वेळा दारिद्र्याने आणि परिस्थितीने घडवलेला असतो, हा त्यातला विचार त्यांनी जन्मभर सोडला नाही. हेच ऑल्टगेल्ड पुढे इलिनॉयचे गव्हर्नर झाले.

शिकागोत ते आधी महापालिकेचे आणि मग एका मोठ्या रेल्वे कंपनीचे वकील होते. १८९४ साली पुलमन संपात रेल्वे कामगारांचे नेते युजीन डेब्ज यांच्यावर खटले झाले, तेव्हा डॅरो यांनी कंपनीतील पद सोडून डेब्ज यांचे वकीलपत्र घेतले. (कंपनीचे किरकोळ काम ते पुढेही काही काळ पाहत होते. हा तपशील त्यांच्या भक्तांना आवडत नाही, परंतु तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण पैसा आणि तत्त्व यांची ही ओढाताण त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत दिसते.) त्याच वर्षी शिकागोच्या महापौरांचा खून करणाऱ्या पॅट्रिक प्रेंडरगास्ट या मनोरुग्ण तरुणाला फाशीपासून वाचवण्याचा प्रयत्न त्यांनी केला. दोषसिद्धी आधीच झालेली होती, आणि आरोपी फाशी देण्याइतका भानावर आहे का, एवढाच प्रश्न शिल्लक होता. १३ जुलै १८९४ रोजी प्रेंडरगास्टला फाशी झाली. पुढे खुनाच्या कितीतरी खटल्यांत डॅरो उभे राहिले, पण फासावर गेलेला त्यांचा पक्षकार हा एकच.

१९०७ चा हेवूड खटला मला त्यांच्या कौशल्याचा पहिला मोठा पुरावा वाटतो. आयडाहोचे माजी गव्हर्नर फ्रँक स्टुनेनबर्ग ३० डिसेंबर १९०५ रोजी स्वतःच्या घराच्या फाटकापाशी बॉम्बस्फोटात मारले गेले. बॉम्ब लावणारा हॅरी ऑर्चर्ड पकडला गेला, आणि पिंकर्टन गुप्तहेर संस्थेच्या जेम्स मॅकपार्लंड यांच्यापुढे त्याने कबुलीजबाब दिला की खाण कामगार संघटनेच्या पुढाऱ्यांनी, त्यांतही बिल हेवूड यांनी, आपल्याला हे काम सांगितले. हेवूड व त्यांचे दोन सहकारी तेव्हा कोलोरॅडोत होते. त्यांना पकडून रातोरात खास आगगाडीने आयडाहोत आणले गेले, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या पळवून आणण्यालाही हरकत घेतली नाही.

डॅरो यांनी कायद्यातील एक गाठ अचूक ओळखली. आयडाहोच्या कायद्यानुसार गुन्ह्यातल्या साथीदाराच्या साक्षीला स्वतंत्र पुष्टी लागत असे. केवळ तिच्या आधारावर कोणाला दोषी धरता येत नसे. ती पुष्टी स्टीव्ह ॲडम्स नावाचा दुसरा खाण कामगार देणार होता. डॅरो त्याच्या नातेवाइकांमार्फत त्याच्यापर्यंत पोहोचले, ॲडम्सने आपला जबाब मागे घेतला, सरकारने चिडून त्याच्यावर वेगळाच खुनाचा खटला भरला, तोही डॅरो यांनी लढवला, आणि त्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही. मुख्य खटला बॉइसीत उभा राहिला तेव्हा ऑर्चर्डची साक्ष एकटी पडली होती. ज्यूरीपुढचा अकरा तासांचा युक्तिवाद सर्वांच्या लक्षात राहतो, पण माझ्या मते निकालाची पायाभरणी त्याच्या कितीतरी आधी झाली होती. २८ जुलै १९०७ रोजी हेवूड निर्दोष सुटले.

सदस्यांनी आपापली मते, विशेषतः मतभेद, अवश्य मांडावेत.

प्रतिसाद १

लेख चांगला आहे, परंतु १९११ सालाचा उल्लेख टाळून डॅरो यांच्यावर लिहिणे म्हणजे कथेचा मधला अंक गाळण्यासारखे आहे.

लॉस एंजेलिसमधील एका वृत्तपत्राच्या इमारतीत १ ऑक्टोबर १९१० रोजी स्फोट होऊन वीसहून अधिक कामगार मेले. कामगार चळवळीतील मॅकनमारा बंधूंवर आरोप आला, आणि देशभरच्या कामगारांनी पै-पै गोळा करून डॅरो यांना उभे केले. २८ नोव्हेंबर १९११ च्या सकाळी डॅरो यांच्या कार्यालयासाठी ज्यूरीची चौकशी करणारा बर्ट फ्रँकलिन भर रस्त्यात एका संभाव्य ज्यूरी सदस्याला लाच देताना पकडला गेला. त्या क्षणी खुद्द डॅरो तिथे रस्ता ओलांडून त्याच्याकडे येत होते. त्यानंतर तीनच दिवसांनी, १ डिसेंबरला, दोघा भावांनी गुन्हा कबूल केला. एकाला जन्मठेप झाली, दुसऱ्याला पंधरा वर्षे. आपले पुढारी निरपराध आहेत अशी शपथ घेऊन वर्गणी देणाऱ्या कामगारांच्या छातीवरचे बिल्ले त्या दिवशी काय झाले असतील याची कल्पना करावी.

डॅरो यांच्यावर लाचेचे दोन खटले झाले. पहिल्यात, ऑगस्ट १९१२ मध्ये, ते निर्दोष सुटले. दुसऱ्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि बहुसंख्य सदस्य त्यांना दोषी ठरवण्याच्या बाजूचे होते. कॅलिफोर्नियात पुन्हा वकिली करणार नाही, या समजुतीवर प्रकरण मिटले. हेवूड खटल्यातील ‘नातेवाइकांमार्फत पोहोचले’ हे आपले वाक्यही मी या प्रकाशात जरा साशंकतेने वाचतो.

धागालेखक

आक्षेप मान्य आहे, पण तो विषय मी मुद्दाम टाळला नव्हता. पहिल्याच लेखात सर्व काही मावणार नव्हते. माझा स्वतःचा कल असा आहे की लाचेची त्यांना कल्पना असावी. पुरावा संशयापलीकडे नाही, आणि ज्या न्यायाने त्यांच्या पक्षकारांना संशयाचा फायदा मिळाला तो त्यांनाही मिळाला, एवढेच म्हणता येते. मात्र समोरचा पक्ष पिंकर्टनच्या हेरांमार्फत बचाव पक्षाच्या गोटात माणसे पेरत होता, साक्षीदार लपवत होता, ही बाजूही नोंदवायला हवी. ती लाचेचे समर्थन ठरत नाही. त्या काळातले कामगारांचे खटले कोणत्या मातीत लढले जात होते, ते त्यातून कळते.

कामगार संघटनांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि डॅरो पन्नाशी उलटल्यावर जवळजवळ कफल्लक होऊन शिकागोला परतले. आज आपण ज्यांच्यामुळे त्यांना ओळखतो ते तिन्ही खटले, लिओपोल्ड-लोब, स्कोप्स आणि स्वीट, या पडझडीनंतरचे आहेत.

प्रतिसाद २

मी सत्र न्यायालयात बचाव पक्षाचे काम करतो, म्हणून लिओपोल्ड-लोब खटल्याविषयी थोडे लिहितो. या खटल्यावर भावनेच्या अंगाने पुष्कळ लिहिले जाते, पण त्यातला डाव बारकाईने पाहण्यासारखा आहे.

मे १९२४ मध्ये शिकागोतील दोन अतिश्रीमंत, अतिहुशार तरुणांनी, एक एकोणीस वर्षांचा आणि दुसरा अठरा, चौदा वर्षांच्या बॉबी फ्रँक्सचा केवळ ‘परिपूर्ण गुन्हा’ करून पाहायचा म्हणून खून केला. घटनास्थळी सापडलेला चष्मा लिओपोल्डचा निघाला, दोघांनीही कबुली दिली, आणि सारे शहर फाशी मागत होते. सर्वांना वाटले की बचाव वेडाचा असेल. वेडाचा बचाव घेतला असता तर प्रश्न ज्यूरीपुढे गेला असता. शिवाय खून आणि खंडणीसाठी अपहरण, दोन्ही गुन्ह्यांना इलिनॉयमध्ये फाशीची तरतूद होती, म्हणजे सरकारी वकिलाला दोन वेगळ्या ज्यूरींपुढे दोन संधी मिळाल्या असत्या. जुलैमध्ये डॅरो उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही आरोप एकदम कबूल केले. सरकारी वकील रॉबर्ट क्रो यांना याची चाहूलही नव्हती.

एका झटक्यात ज्यूरी बाजूला झाली आणि शिक्षा ठरवण्याचा सारा भार न्यायाधीश जॉन कॅव्हर्ली या एका माणसावर आला. बारा जणांत जबाबदारी वाटली जाते. एकट्या माणसाला ती स्वतःच्या हाताने सही करून उचलावी लागते. डॅरो यांनी पुढे तीन दिवसांत मिळून सुमारे बारा तास जो युक्तिवाद केला तो या एका माणसासाठी होता. १० सप्टेंबर १९२४ रोजी जन्मठेप आणि शिवाय ९९ वर्षे अशी शिक्षा झाली. गंमत अशी की मानसोपचारतज्ज्ञांच्या साक्षींचा एवढा डोंगर उभा करूनही न्यायाधीशांनी आरोपींचे कोवळे वय हेच मुख्य कारण दिले.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या बचन सिंग निकालाने १९८० साली फाशी देताना गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार करण्याचे बंधन घातले. शिक्षेच्या मुद्द्यावरचा युक्तिवाद आपल्या न्यायालयांत मात्र अजूनही अनेकदा अर्ध्या तासात उरकला जातो, आणि त्यात आम्हा वकिलांचाही वाटा आहे. आरोपीचे बालपण, आजार, घर, शाळा यांची कागदपत्रे गोळा करायला कोणी जातच नाही.

प्रतिसाद ३

एक प्राथमिक शंका. गुन्हा केला आहे हे ठाऊक असताना अशा श्रीमंत पोरांचे वकीलपत्र घेणाऱ्याला चळवळीतला वकील का म्हणायचे?

धागालेखक

शंका रास्त आहे. डॅरो फाशीच्या शिक्षेचे कट्टर विरोधक होते, आणि माणसाला स्वतंत्र इच्छाशक्ती असते यावरच त्यांचा विश्वास नव्हता. १९०२ साली शिकागोच्या कुक परगण्यातील तुरुंगात कैद्यांपुढे भाषण करताना त्यांनी सांगितले होते की आतल्या आणि बाहेरच्या माणसांत नैतिकदृष्ट्या ते काही फरक मानत नाहीत. काही मित्रांनी भाषणानंतर नाराजी व्यक्त केली, तर यांनी ते छापूनच काढले. तेव्हा श्रीमंत आरोपी त्यांच्या तत्त्वज्ञानात बसत होते. मोबदल्याचा मोह नव्हता असे मी म्हणणार नाही.

परंतु चळवळीतला वकील म्हणून त्यांना पाहायचे असेल तर डेट्रॉइटचा स्वीट खटला पाहावा, आणि त्यावर मला सविस्तर लिहायचे आहे.

डॉ. ऑसियन स्वीट हे कृष्णवर्णीय डॉक्टर. १९२५ साली त्यांनी गार्लंड अव्हेन्यूवर, गोऱ्यांच्या वस्तीत, घर घेतले. त्याच उन्हाळ्यात शहरात अशी घरे घेणाऱ्या इतर कृष्णवर्णीयांना जमावांनी हुसकावून लावले होते. गार्लंडवर लगोलग ‘सुधारणा मंडळ’ स्थापन झाले. कसली सुधारणा, हे सर्वांना ठाऊक होते. स्वीट सप्टेंबरमध्ये राहायला आले ते बंदुका आणि काडतुसे बरोबर घेऊनच. दुसऱ्या रात्री, ९ सप्टेंबरला, घरासमोर जमाव गोळा झाला, दगड येऊ लागले, काचा फुटल्या. वरच्या मजल्यावरून गोळ्या सुटल्या आणि रस्त्यापलीकडे लिऑन ब्रायनर हा गोरा माणूस मेला. पोलीस तिथे हजर होते. जमावातल्या कोणाला त्यांनी हात लावला नाही. घरातल्या अकराही जणांना, डॉक्टरांच्या पत्नी ग्लॅडिस यांच्यासकट, खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने डॅरो यांना गाठले. तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते.

सरकारचे म्हणणे असे की बाहेर जमाव नव्हताच. दहा-पंधरा माणसे होती, संध्याकाळी हवा खायला बाहेर पडलेली. जमाव नव्हता तर भीती नव्हती, आणि भीती नव्हती तर स्वसंरक्षण नव्हते. फिर्यादी पक्षाची सारी इमारत या एका आकड्यावर उभी होती आणि साक्षीदारामागून साक्षीदार पढवल्याप्रमाणे तोच आकडा सांगत होता. मग एका तरुण साक्षीदाराची जीभ घसरली. तिथे खूप लोक होते, असे तो म्हणून गेला. मग खूप नाही, बरेच. आणि शेवटी थोडेसे. एकाच वाक्यात तीन वेळा त्याने संख्या उतरवली. डॅरो यांनी आवाज न चढवता त्याला सावकाश मागे नेले आणि पहिला शब्द का बदलावासा वाटला हे विचारत राहिले, तेव्हा पोलीस अधिकाऱ्याशी आधी झालेले बोलणे बाहेर आले.

दुसरी लढाई पुराव्याच्या ग्राह्यतेची होती, आणि मी ती अधिक महत्त्वाची मानतो. डॉ. स्वीट यांना साक्षीला उभे करून त्यांच्या मनात त्या रात्री काय चालले होते हे सांगू द्यावे, असा बचाव पक्षाचा आग्रह होता. सरकारी वकील रॉबर्ट टॉम्स यांनी हरकत घेतली, पण न्यायाधीश फ्रँक मर्फी यांनी परवानगी दिली. (हे मर्फी पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले.) मग स्वीट यांनी फ्लोरिडातील लहानपणी पाहिलेली झुंडीची हत्या, १९१९ च्या वॉशिंग्टनमधील दंगलीत पाहिलेली मारहाण, आणि त्या रात्री खिडकीतून दिसलेला जमाव, हे सर्व एका रेषेत सांगितले. त्या खोलीतल्या माणसाला वाटलेली भीती वाजवी होती का, हे ठरवायला कृष्णवर्णीयांचा सारा इतिहास पुरावा म्हणून नोंदीवर आला.

पहिल्या खटल्यात बारा गोऱ्यांच्या ज्यूरीचे एकमत झाले नाही. दुसऱ्या वेळी केवळ धाकटा भाऊ हेन्री याच्यावर खटला चालला, कारण गोळी झाडल्याचे त्यानेच कबूल केले होते. डॅरो सात तासांहून अधिक बोलले. १३ मे १९२६ रोजी बारा गोऱ्या पुरुषांनी हेन्रीला निर्दोष ठरवले. उरलेल्यांवरचे आरोप पुढच्या वर्षी मागे घेतले गेले.

प्रतिसाद ४

बारा गोऱ्यांनी असा निकाल देणे किती विरळा होते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. हेवूड सुटले त्यानंतर जवळपास एका वर्षाने, जुलै १९०८ मध्ये, मुंबईत लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. नऊ ज्यूरींपैकी सात युरोपियनांनी दोषी म्हटले, दोन भारतीयांनी निर्दोष, आणि सहा वर्षांची मंडाले. १८९७ च्या खटल्यातही सहा विरुद्ध तीन अशी तंतोतंत वांशिक फाळणी होती. त्या पार्श्वभूमीवर डेट्रॉइटचा निकाल वाचताना मी जरा थबकलो.

प्रतिसाद १

स्वीट खटल्याबाबत सहमत आहे. मात्र मग १९३२ चे होनोलुलूही मांडायला हवे. थालिया मॅसी या गोऱ्या स्त्रीवर बलात्कार केल्याचा आरोप असलेल्या पाच स्थानिक तरुणांच्या खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही, तेव्हा तिचा नौदल अधिकारी पती, तिची आई ग्रेस फॉर्टेस्क्यू आणि दोन नौसैनिक यांनी त्यांपैकी जोसेफ काहाहावाई याला पळवून ठार मारले. मारणाऱ्यांच्या बाजूने उभे राहायला डॅरो बोटीने हवाईला गेले; खटला चालू असतानाच त्यांनी पंच्याहत्तरी गाठली. स्वीटच्या घरावर चाल करून आलेल्यांचीच ही जात होती. मिश्र वंशाच्या ज्यूरीने चौघांनाही सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी धरले, दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि गव्हर्नरांनी ती एका तासावर आणली. तो तास त्यांनी गव्हर्नरांच्या दालनात काढला.

धागालेखक

यावर माझ्याकडे बचाव नाही. १९२९ च्या मंदीत त्यांची पुंजी बुडाली होती आणि पैशांची गरज होती, हे कारण आहे, समर्थन नव्हे. बलात्काराचा मूळ खटला पुन्हा उभा करू नये, हा सल्ला त्यांनी मॅसी पती-पत्नीला दिला, एवढेच त्यांच्या बाजूने नोंदवता येते. त्या वर्षीच्या पुढील चौकशीत उरलेल्या चौघांविरुद्ध काही टिकले नाही आणि आरोप मागे घेतले गेले. नवल असे की पतीच्या मनावरील आघात ज्यूरीला समजावून देताना डॅरो यांनी तेच अवजार वापरले जे डेट्रॉइटला वापरले होते : कृत्य बाजूला ठेवा, करणाऱ्याच्या मनात शिरा. होनोलुलूच्या ज्यूरीला ते पटले नाही.

प्रतिसाद ३

माझ्या शंकेचे उत्तर मिळाले, निदान बरेचसे. एक राहिले : स्वीट कुटुंबाचे पुढे काय झाले?

धागालेखक

ग्लॅडिस १९२८ साली क्षयाने गेल्या. त्यांची लहान मुलगीही त्याआधी त्याच रोगाने गेली होती. अटकेत असताना ग्लॅडिस यांना क्षयाची बाधा झाली, असे कुटुंबीयांचे म्हणणे होते. हेन्री शिकून वकील झाला आणि १९४० साली त्यालाही क्षयानेच नेले. डॉ. स्वीट पत्नीच्या मृत्यूनंतर गार्लंड अव्हेन्यूवरील त्याच घरात राहायला गेले आणि तिथे अनेक वर्षे राहिले. १९६० साली त्यांनी आत्महत्या केली. डॅरो त्याआधीच, १३ मार्च १९३८ रोजी, शिकागोत वारले होते आणि त्यांची रक्षा जॅक्सन पार्कमधील तळ्यावर विखुरली गेली. तिथल्या पुलाला आता त्यांचे नाव आहे.